वजनकाटा रोज वेगळा आकडा का दाखवतो? वजन करताना या चुका टाळा

रविवारी लग्नाची पंगत झाली, सोमवारी सकाळी काट्यावर उभं राहिलं आणि आकडा दीड किलोने वर गेलेला. मग नाश्ता बंद, दुपारी नुसती काकडी, रात्री ताकावर झोप. हे अनेक घरांत होतं, आणि वजन करताना होणारी सगळ्यात घातक चूक हीच आहे: एका सकाळच्या आकड्यावरून ताटातलं अन्न काढून टाकणं.

साधा हिशेब करून बघा. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. चरबी दीड किलोने वाढायची तर रोजच्या गरजेच्या वर साडेअकरा हजार कॅलरी पोटात जायला हव्यात. कितीही आग्रह झाला, जिलब्यांची पैज लागली, तरी एका पंगतीत एवढं होत नाही.

मग तो दीड किलो कसला? काटा चरबी वेगळी काढून मोजत नाही. पोटातलं अन्न, आतड्यातला मळ, मूत्राशयातली लघवी, अंगातलं पाणी, सगळं एकत्रच मोजतो. अर्धा लिटर पाणी प्यायलात की त्याच क्षणी वजन अर्ध्या किलोने वाढतं. रात्रभर श्वासातून आणि घामातून पाणी जातं, सकाळी लघवी होते, म्हणून उठल्यावर आकडा सर्वांत कमी दिसतो. निरोगी माणसाचं वजन दिवसाकाठी एक-दोन किलो मागेपुढे होणं अगदी स्वाभाविक आहे.

याचं टोकाचं उदाहरण आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटात खेळत होती. पहिल्या दिवशी सकाळी ती वजनात बसली. तीन कुस्त्या जिंकेपर्यंत तिने जे खाल्लं-प्यायलं, त्याने संध्याकाळी वजन मर्यादेपेक्षा २.७ किलोने वर गेलं होतं. रात्रभर घाम गाळूनही सकाळी १०० ग्रॅम जास्तच भरले आणि अंतिम फेरी हुकली. एवढ्या कसलेल्या खेळाडूच्या अंगात एका दिवसात अडीच किलोहून जास्त चढ-उतार झाला, आणि तो चरबीचा नव्हता. अन्न आणि पाणी, बस्स.

मीठ आणि भात विसरू नका

लोणचं, पापड, फरसाण, हॉटेलची ग्रेव्ही यांतलं मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. दिवाळीच्या फराळानंतर अंगठी घट्ट होते ती यामुळेच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही, एवढंच मीठ सुचवते. मीठ नेहमीच्या प्रमाणावर आलं की दोन-तीन दिवसांत हे पाणी उतरतं.

भात-पोळीचं गणित थोडं वेगळं आहे. पिष्टमय पदार्थांतली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. भात-पोळी एकदम बंद केली की हा साठा आधी रिकामा होतो. ‘आठवड्यात दोन किलो उतरवा’ म्हणणाऱ्या डाएटचं पहिल्या आठवड्यातलं यश बहुतेक हे पाणीच असतं. पोळी परत ताटात आली की तेही परत येतं, आणि माणूस उगाच स्वतःला दोष देत बसतो. कडक उपवासातही तसंच. निर्जळी केली तर दुसऱ्या दिवशी आकडा खाली जातोच. साबुदाणा खिचडी आणि बटाट्याची भाजी खाऊन ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ केलं, तर जातही नाही.

पाळीच्या तोंडावरच्या वजनावर विश्वास ठेवू नका

पाळीच्या आधीच्या काही दिवसांत हार्मोनच्या बदलांमुळे बऱ्याच बायकांच्या अंगात पाणी साठतं. किलो, दीड किलो वाढ सहज दिसते. पाळी सुरू झाली की ती ओसरते. म्हणून या आठवड्याचं वजन गेल्या आठवड्याशी ताडून बघण्यापेक्षा मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी बघा. घरातल्या वयात आलेल्या मुलीला या दिवसांत ‘वजन वाढलंय हं तुझं’ असं कृपा करून कुणी म्हणू नका. तिच्या जेवणावर त्याचा फार वाईट परिणाम होऊ शकतो.

जिम नव्याने सुरू केलेल्यांनीही पहिले दिवस दमाने घ्यावं. पाय दुखून जिना उतरता येत नाही, तेव्हा स्नायूंना सूज असते, आणि सूज म्हणजे पाणी. व्यायाम करूनही वजन वाढलं म्हणून याच टप्प्यावर कित्येक जण जिम सोडतात. पोट दोन दिवस साफ झालं नसेल, तर तेही आकड्यात दिसतं.

काट्याची जागा चुकते

आपल्याकडे काटा बाथरूममध्ये ठेवणं ही मुळातच चूक आहे. बाथरूमच्या फरशीला पाणी वाहून जावं म्हणून जाळीकडे उतार दिलेला असतो. डिजिटल काट्याच्या चारही पायांत भार मोजणारे सेन्सर असतात. उतारावर किंवा फरशीच्या सांध्यावर एखादा पाय अधांतरी राहिला की भार नीट मोजला जात नाही. शिवाय ओल आत शिरते ती वेगळीच. सतरंजी किंवा गालिचा तर नकोच. खोलीतली सपाट, कडक फरशी शोधा आणि काटा तिथेच राहू द्या. चारही कोपरे एकेक करून दाबून बघा. डुगडुगला तर जागा बदला.

काटा उचलून दुसरीकडे ठेवला की आधी एकदा पायाने दाबा, शून्य येऊ द्या आणि मगच उभं राहा. पहिलाच आकडा खरा धरू नका. काट्यावर सरळ, मध्यभागी, न हलता उभं राहायचं. आकडे उगाच उड्या मारत असतील तर बॅटरी बदला. आकडा अचानक दुपटीहून जास्त दिसला तर घाबरू नका, खालचं बटण दाबलं जाऊन किलोऐवजी पौंड लागले असतील. जुन्या स्प्रिंगच्या काट्याला बाजूला चाक असतं, ते फिरवून दर वेळी सुई शून्यावर आणा. घरचा काटा आणि दवाखान्यातला काटा यांची तुलना नको. चरबीचा टक्का दाखवणारे काटे पायांतून सौम्य वीजप्रवाह सोडून अंदाज बांधतात. अंगात पाणी कमी-जास्त असलं किंवा तळवे ओले असले, तरी तो टक्का बदलतो.

मग मोजायचं कसं?

सकाळी उठल्यावर, संडास-लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच हलक्या कपड्यांत. आकडा वहीत लिहायचा आणि विषय संपला. बोलायचं ते सरासरीशी. समजा सोमवार ते रविवार असे आकडे आले: ६८.४, ६८.९, ६८.२, ६९.१, ६८.६, ६८.०, ६९.३. सरासरी ६८.६. पुढच्या आठवड्यात: ६८.७, ६८.३, ६८.५, ६७.९, ६८.८, ६८.१, ६८.६. सरासरी ६८.४. नुसता सोमवार सोमवारशी ताडला असता, तर वजन ३०० ग्रॅमने वाढलं असं वाटलं असतं. प्रत्यक्षात ते २०० ग्रॅमच्या आसपास उतरलं आहे. अशा तीन-चार आठवड्यांच्या सरासऱ्या एका दिशेला जाताना दिसल्या, तरच खाण्यात बदल करावा. ज्यांना रोज आकडा बघून धास्ती वाटते, त्यांनी आठवड्यातून एकदाच वजन करावं, किंवा काही महिने काटा कपाटात ठेवून कमरेचं माप घ्यावं.

हे मात्र अंगावर काढू नका

हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना वरचं सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. त्यांचं वजन एका दिवसात किलोभराहून किंवा आठवड्यात दोन किलोंहून अधिक वाढलं, पायावर सूज आली, झोपल्यावर धाप लागू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. काही न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे ७० किलोच्या माणसाचं साडेतीन किलोहून जास्त, तर तपासणी हवीच. त्यासोबत सतत तहान आणि वारंवार लघवी असेल, तर रक्तातली साखर लगेच तपासून घ्या.