एचएफची कांडी भरण्याआधी या चुका टाळा

"गावठी गाय दोन लिटर देते, एचएफ भरवू का?" असं कोणी विचारलं, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीच्या वळूच्या गोठवलेल्या वीर्याची कांडी भरून संकर करू का, की मी उलट विचारतो, मे महिन्यात पाणी कुठून आणता? टँकरवर भागत असेल तर विषय तिथेच मिटला. संकरित गाय दूध देते ती आधी खाऊन.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते पिढ्यानपिढ्या एचएफचं रक्त वाढवत नेणाऱ्यांमुळे. गीर गाईला एचएफ भरवली की कालवड ५० टक्के एचएफ. तिला पुन्हा शुद्ध एचएफ, ७५. तिच्या पोटची ८७.५. सांगोल्याकडच्या एका ओळखीच्या गोठ्यात हेच झालं. पहिली कालवड बारा लिटरवर गेली आणि मालकाला पंचवीसची स्वप्नं पडू लागली. तिची नात दुधाला चांगली निघाली, पण उन्हाळ्यात पत्र्याखाली जीभ बाहेर काढून धापा टाकायची, रवंथ बंद, दूध निम्म्यावर. पावसाळ्यात गोचीड ताप झाला, खांद्यापुढच्या गाठी लिंबाएवढ्या. बुपारव्हाक्वोनच्या इंजेक्शनांनी वाचली, पण त्या वेताचं दूध गेलंच. शिव्या मात्र कांडी भरणाऱ्या रेतनवाल्याला! त्याने मागितली ती कांडी भरली.

मी ५० ते ६२.५ टक्क्यांवर थांबतो. ५० टक्केवाल्या गाईला संकरित वळूचीच कांडी मागतो. पुढच्या पिढीत दूध थोडं उतरतं, ते मला चालतं. राहुरी विद्यापीठाची फुले त्रिवेणीसुद्धा निम्मी एचएफ, पाव जर्सी, पाव गीर अशीच आहे. कांडीवरचा वळूचा नंबर गोठ्यातल्या वहीत लिहितो, नाहीतर बापाचीच कांडी लेकीला भरली जाते.

अंगाने लहान कालवडीला एचएफ नको, विताना वासरू अडतं. जर्सी बघा.

खिल्लार बैलांसाठी पाळली असेल तर संकर करूच नका. गोऱ्ह्याला वशिंड धड येत नाही आणि भर उन्हात तो औतालाच बसतो. लातूर-नांदेडकडे चांगली देवणी किंवा लाल कंधारी दावणीला असेल तर त्याच जातीचा उत्तम वळू शोधा.

नुसते लिटर मोजू नका, डेअरीचा दर फॅट आणि एसएनएफवर (दुधातल्या फॅटशिवायच्या घन घटकांवर) ठरतो.

आणि गाय माजावर दिसताच रेतनवाल्याला फोन फिरवणाऱ्यांनो, जरा दम धरा. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.