बिटलॉकर लावलेल्या लॅपटॉपवर लांबून मदत करताय? या चुका टाळा

रात्री साडेनऊला नाशिकहून मामेबहिणीचा फोन आला. "दादा, तू रीस्टार्ट दिलास आणि आता निळी स्क्रीन आलीये. कसलातरी अठ्ठेचाळीस आकडी नंबर मागतेय." मी पुण्यात, लॅपटॉप नाशकात, आणि बायॉस (विंडोजच्या आधी मशीन जागं करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट मीच दिलेलं. चूक सर्वस्वी माझी.

बिटलॉकर म्हणजे डिस्कवरचा डेटा एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद करून ठेवणारी विंडोजची सोय. झालं असं की बायॉस बदलल्यावर बिटलॉकरला मशीन अनोळखी वाटलं आणि त्याने रिकव्हरी की मागितली. एनीडेस्क काय, क्विक असिस्ट काय, लांबून मशीन चालवू देणारी ही सगळी ॲप्स विंडोज सुरू झाल्यावर जागी होतात. निळी स्क्रीन येते त्याआधी. तिथे लांबून माऊससुद्धा हलवता येत नाही. सुरू होतानाच पिन मागणाऱ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर तर साध्या रीस्टार्टनेही आपण बाहेर पडतो.

म्हणून बायॉसला हात लावण्याआधी बिटलॉकरच्या पानावर जाऊन 'सस्पेंड प्रोटेक्शन' करा. विंडोज प्रोमध्ये ते कंट्रोल पॅनेलमध्ये सापडतं. रीस्टार्टनंतर संरक्षण आपोआप परत चालू होतं. इथेच बरेच जण घाईत शेजारचं 'टर्न ऑफ' दाबतात. त्याने अख्खी डिस्क डिक्रिप्ट व्हायला (कुलूप निघायला) लागते, मोठ्या डिस्कला तासन्‌तास जातात, आणि नंतर ते परत चालू करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. सस्पेंडमध्ये डेटा एन्क्रिप्टेडच राहतो, फक्त किल्ली तेवढा वेळ दाराला लटकवलेली असते. त्या वेळात लॅपटॉप घरातून हलवू नका.

आणि त्याच्याही आधी रिकव्हरी की कुठे आहे ते विचारा. "आमच्याकडे बिटलॉकर वगैरे काही नाही" या उत्तरावर विश्वास ठेवू नका. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं, की डिव्हाइस एन्क्रिप्शन (बिटलॉकरचंच साधं रूप) सहसा न विचारता चालू होतं. रिकव्हरी की त्याच अकाउंटमध्ये जमा होते. बहिणीचं मशीन भाऊजींच्या ईमेलवर चालू केलेलं, आणि भाऊजी नाइट शिफ्टला! साडेअकराला त्यांनी फोनवर आकडे वाचून दाखवले. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर कोणता गट चुकला ते मशीनच सांगतं. गटागटाने वाचा, घाई नको. आणि की मदत करणाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवू नका, ती घरच्या वहीतच बरी.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: "डिस्क एन्क्रिप्टेड आहे, मग ॲक्सेस दिला तर काय बिघडलं?" बिटलॉकर हे बंद मशीनचं कुलूप आहे. लॅपटॉप चोरीला गेला तर ते कामाला येतं. एकदा लॉगिन झालं की डिस्क उघडी, आणि लांबून जोडलेल्यालाही तुमच्याइतकंच दिसतं. म्हणजे किती ॲक्सेस द्यायचा ते ठरवायचं रिमोट सॉफ्टवेअरमध्ये.

एनीडेस्कमध्ये कनेक्शन नेहमी येऊ द्या, ॲपची खिडकी उघडी असतानाच येऊ द्या किंवा अजिबात नको, असे तीन पर्याय मिळतात. घरच्या मशीनला मधला. ॲप बंद केलं की दार बंद. परवानग्यांमध्ये फाइल ट्रान्सफर आणि क्लिपबोर्ड काढून टाका. तुम्ही इकडे कॉपी केलेला पासवर्ड तिकडे पोचतो, हे अनेकांच्या गावी नसतं. कायमचा पासवर्ड फक्त जिथे समोर कुणीच बसत नाही अशा मशीनला, उदाहरणार्थ दुकानाच्या गोदामातला कॉम्प्युटर. अशा ठिकाणी सुरुवातीचा पिन लावला, तर वीज जाऊन आल्यावर कुणालातरी गोदामात जावंच लागेल. तिथे पिन नको, टीपीएम चिपवर (मशीनमधली किल्ली सांभाळणारी चिप) भागवा आणि खोलीला खरंखुरं कुलूप लावा.

मदत करताना मधेच स्क्रीन काळी होते म्हणून यूएसीची (प्रोग्रॅमला मोठे बदल करू देण्याआधी विंडोज परवानगी विचारतं ती सोय) पट्टी खाली ओढून ठेवणारे तर पैशाला पासरी. तिकडचा डेस्कटॉप मंद होऊन परवानगी विचारली जाते, ती दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमला दाबता येऊ नये अशी योजना आहे, म्हणून मदत करणाऱ्यालाही ती बहुतेकदा दिसत नाही. समोर बसलेल्या माणसाला 'येस' दाबायला सांगा, दोन सेकंदांचं काम. पट्टी तळाला नेली तर पुढे येणारा कोणताही प्रोग्रॅम न विचारता आत शिरेल.

आणि मदत तुम्ही मागितली होती का? एनीडेस्क उतरवायला लावून यूपीआयमधून पैसे काढण्याच्या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच इशारा दिला होता. क्विक असिस्टच्या गैरवापराबद्दल मे २०२४ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने. 'सपोर्ट'वाल्याचा फोन आपणहून आला तर ठेवून द्या. ॲक्सेस देऊन बसला असाल तर आधी वायफाय बंद करा, मग बँकेला आणि १९३० ला फोन.