नको तिथे जुळलेली अक्षरं कशी सोडवायची

गिरगावच्या छापखान्यातून लग्नपत्रिकेचं प्रूफ येतं आणि इंग्रजी पत्त्यातल्या 'ऑफिस'मधले एफ आणि आय चिकटलेले दिसतात. लगेच फॉन्ट बदलू नका. कर्सर त्या जोडीच्या लगेच नंतर ठेवून एकदाच बॅकस्पेस दाबा. नुसता आय गेला, तर मजकूर ठीक आहे, जोडणी फॉन्टची. दोन्ही एकदम उडाले, तर ते मुळातच एक चिन्ह आहे. पीडीएफमधून कॉपी केलेल्या मजकुरात हे हमखास सापडतं. इथे लिगेचर, म्हणजे फॉन्टची ही आपोआप जोडणी, बंद करून काही हाती लागत नाही. ते चिन्ह 'फाइंड'मध्ये पेस्ट करा, 'रिप्लेस'मध्ये साधे एफ-आय टाइप करा. एफ-एलचंही तसंच चिन्ह असतं, तेही पाहा.

जोडणी फॉन्टची असेल, तर वर्डमध्ये कंट्रोल-डी, अ‍ॅडव्हान्स्ड, लिगेचर्स 'नन'. अख्ख्या फाइलला हवं असेल तर हेच 'नॉर्मल' स्टाइलमध्ये करा. लिब्रेऑफिसमध्ये कॅरेक्टरच्या फॉन्ट टॅबवर 'फीचर्स' बटण आहे. छपाईची पानं मांडायच्या इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनेलच्या मेनूतून लिगेचर्सची खूण काढा. कोड लिहिताना बाण आपोआप जुळत असतील, तर कॅस्केडिया कोडऐवजी कॅस्केडिया मोनो घ्या. तोच फॉन्ट, लिगेचरशिवाय.

मराठीत मात्र या बटणाचा सहसा उपयोग नाही, कारण देवनागरी जोडाक्षरं फॉन्टमधल्या वेगळ्या नियमांनी बनतात. मंडळाच्या बॅनरवर 'उद्घाटन' असं जुळून आलं, की लांबून ते 'उद्धाटन' वाचलं जातं. द् सुटा हवा असेल तर हलन्तानंतर नॉन-जॉइनर, म्हणजे अक्षरं जुळू न देणारं अदृश्य चिन्ह, घाला: उद्‌घाटन. वर्डमध्ये तो इन्सर्ट, सिम्बॉल, मोअर सिम्बॉल्स, स्पेशल कॅरेक्टर्स इथे 'नो-विड्थ ऑप्शनल ब्रेक' या विचित्र नावाने बसला आहे. इनडिझाइनमध्ये टाइप, इन्सर्ट स्पेशल कॅरेक्टर, अदर, नॉन-जॉइनर. पण हे काम शेवटच्या प्रतीतच करा. एरवी 'फाइंड'ला तो शब्द सापडेलच असं नाही.

'दऱ्या'चं 'दर्या' होणं ही फॉन्टची चूक नव्हे. साधा र टाइप केला की रफार येणारच. तिथे खाली टिंब असलेला ऱ हवा.

आणि उलट तक्रार, म्हणजे सगळेच हलन्त सुटे आणि वेलांट्या भलत्या बाजूला? इनडिझाइनच्या पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा.