युरी मेळ्याची तयारी: सुटे येन, नकाशा आणि भक्कम पिशवी

टोकियोतला गर्ल्स लव्ह फेस्टिव्हल हा निव्वळ युरीचा दोजिनशी मेळा, म्हणजे बाई-बाईच्या प्रेमाची, चाहत्यांनी स्वतः काढून छापलेली कॉमिक्स विकण्याचा. तो कामाता भागातल्या ओता-कू सांग्यो प्लाझा पिओ या इमारतीत भरत आला आहे. तरी दर वेळी तारीख आणि जागा नव्याने पाहा. केइक्यू या खासगी रेल्वेच्या केइक्यू कामाता स्टेशनवर उतरलात तर इमारत तीन-चार मिनिटांवर आहे. जेआरचं (जपान रेल्वेचं) कामाता वेगळं, तिथून चांगलं दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं, आणि नवखे लोक नेमके तिथेच उतरतात.

असे मेळे बहुधा अकराच्या सुमारास उघडतात आणि दुपारी तीन-चारला आवरतात. हे चार तास शोधाशोधीचे नाहीत, उचलून आणण्याचे आहेत. खरी तयारी आदल्या रात्रीची. सर्कल (विकणारा गट, बरेचदा एकटी चित्रकारच) एक्स किंवा पिक्सिव्ह या चित्रांच्या साइटवर ‘ओशिनागाकी’ टाकतात: काय आणणार, केवढ्याला आणि कुठल्या टेबलावर. ती पाहून ए४ कागदावर नकाशा छापा आणि प्रत्येक टेबलाशेजारी किंमत लिहा. मोबाइलच्या भरवशावर राहू नका, गर्दीत नेट रांगतं. टेबल क्रमांकाआधी हिरागाना किंवा काताकाना या जपानी लिपींतलं अक्षर असू शकतं, तेव्हा निदान काना, म्हणजे या दोन लिपी, वाचता यायला हव्यात. शेवटचं ‘ए’ किंवा ‘बी’ म्हणजे टेबलाचा अर्धा भाग. तो चुकला की पैसे शेजारणीला दिले जातात. एखाद्या मालिकेच्या चाहत्यांची पुस्तकं घेत असाल तर दोन नावांमधलं गुणिलेचं चिन्हही नीट पाहा. नावांची अदलाबदल झाली की काही वाचकांसाठी ती जोडीच वेगळी होते.

क्रम सोपा आहे. भिंतीलगतची टेबलं आधी, कारण लांब रांगेची सर्कल तिथे बसवतात. मग मधली ‘बेटं’, म्हणजे हॉलच्या मध्ये जोडून मांडलेली टेबलं. ओशिनागाकीत ज्यांच्यापुढे ‘इताकु’ (दुकानातही विक्रीला) लिहिलंय ती पुस्तकं नंतर मेलनबुक्ससारख्या दुकानात मिळतील, ती शेवटी ठेवा. लांब रांगेच्या टोकाला ‘साइकोबी’ची, म्हणजे शेवटच्या माणसाची, पाटी असते. तुम्ही शेवटचे असाल तर ती तुम्हीच धरायची आणि मागच्याने मागितली की द्यायची.

पैसे रोख. पुस्तकं बहुतेक पाचशे ते हजार येनची असतात, म्हणून १,००० च्या वीसेक नोटा, ५०० ची दहा आणि १०० ची वीस नाणी ठेवा. दहा हजारांची नोट टेबलावर ठेवणं म्हणजे एसटीत कंडक्टरपुढे पाचशेची नोट धरणं. ती आदल्या दिवशी स्टेशनच्या मशीनवर सुइका (रेल्वेचं प्रीपेड कार्ड) भरून मोडून घ्या. नोटा आणि नाण्यांसाठी दोन कप्पे करा. प्रवेशासाठी कॅटलॉग घ्यावा लागतो, त्याचे पैसे वेगळे.

पिशवी रुंद तळाची घ्या, खांद्याला अडकवायची. पुस्तकं बी५ (१८२ × २५७ मिमी) किंवा ए५ आकाराची असतात आणि बत्तीस पानी बी५ नव्वद-शंभर ग्रॅम भरतं. म्हणजे चाळीस पुस्तकांचे चार किलो. कोपरे दुमडू नयेत म्हणून आत एक कडक फाइल, पावसासाठी एक प्लास्टिकची पिशवी, पाणी, आणि एवढं पुरे.

टेबलावर पुस्तक चाळण्याआधी ‘मिते मो ई देस का’ विचारा. नवं पुस्तक हवं तर ‘शिनकान इचिबु कुदासाई’. आर-१८ (फक्त प्रौढांसाठीच्या) पुस्तकाला वयाचा पुरावा मागतात, त्यामुळे पासपोर्ट जवळ असू द्या. तसाही परदेशी पाहुण्याला तो जपानमध्ये सतत बाळगावाच लागतो. मात्र भारतात अश्लील साहित्य आणायला बंदी आहे, तेव्हा तसली पुस्तकं तिथेच वाचून तिथेच सोडलेली बरी.

फोटो विचारल्याशिवाय काढू नका, पुस्तकातली पानं तर नेटवर टाकूच नका. बऱ्याच जणी टोपणनावाने लिहितात आणि घरी किंवा कचेरीत कुणाला ठाऊक नसतं. ‘तुम्ही स्वतः लेस्बियन आहात का?’ हा प्रश्न तर नकोच. कॉस्प्ले, म्हणजे एखाद्या पात्राचा वेश, करायचा असेल तर आधी नियम वाचा. परवानगी असली तरी कपडे तिथल्या खोलीत बदलायचे, ट्रेनमधून नटून यायचं नाही.

आवडत्या चित्रकाराला खाऊ द्यायचा रिवाज आहे, ‘साशिइरे’. वेगवेगळ्या वेष्टनातला, टिकणारा पदार्थ हवा. लोणावळ्याची चिक्की चालेल, पण शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी तिथे गंभीरपणे घेतात, म्हणून वर ‘राक्कासेई’ (शेंगदाणा) लिहिलेली चिठ्ठी लावा. हापूस घेऊन निघू नका, ताजं फळ विमानतळावरच काढून घेतील.