आधी डायनामो, मग इंजिन

युद्धकाळातला चार्जिंग सेट घरी आणला की माणसं पहिल्यांदा दोरी ओढतात. मीही ओढली होती. इंजिन फटफटलं, गल्लीतली पोरं जमली, आणि करंट मोजणाऱ्या अँमीटरचा काटा शून्यावर ढिम्म. हा सेट इंजिन म्हणून कुणी बनवलाच नव्हता, तो बॅटरी भरायला बनवला होता. आमच्या वडिलांचं इंदुरात महाराणी रोडवर मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, त्यामुळे मला तरी हे आधी सुचायला हवं होतं.

दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यातला १९ नंबरचा वायरलेस सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा. गाडीचं मोठं इंजिन सतत चालू ठेवायचं नसेल, तर बॅटरी भरायला दोघांना उचलता येईल असं छोटं इंजिन आणि त्याने फिरून वीज देणारा डायनामो एकाच बैठकीवर बसवलेले असत. माझ्याकडचा अमेरिकेतल्या जॉन्सन मोटर कंपनीचा ‘चोअर हॉर्स’ आहे, १२ व्होल्ट, ३०० वॉट. तो लेंड-लीजमधून, म्हणजे अमेरिकेच्या युद्धकाळातल्या मदतयोजनेतून, ब्रिटिश फौजेकडे गेलेला प्रकार. प्लेटवर किंवा ओतकामावर तीन रेघांचा बाण दिसला तर तो ब्रिटिश सरकारी माल; बाण ‘सी’ अक्षराच्या पोटात असेल तर कॅनडाचा. बाणाचा ठसा पाहिल्याशिवाय ‘मिलिटरीचा’ या शब्दाला पैसे देऊ नका.

मी माझा महूच्या एका कबाड्याकडून उचलला. छावणीचं गाव, त्यात सिग्नलवाल्यांचं शिक्षणकेंद्र तिथेच. डिस्पोजलचा जुना माल अजून कुठल्या तरी गोदामाच्या तळाशी निघतो. “चालू आहे ताई, फक्त पेट्रोल घाला,” हे वाक्य सोडून द्या. अडकलेला पिस्टन मला चालतो. इंजिन गार ठेवणारे फिन तुटलेले, प्लगला ठिणगी देणारा मॅग्नेटो गायब किंवा कापून नेलेला कंट्रोल बॉक्स मात्र चालत नाही. त्या डब्यातला कटआउट (डायनामोचे व्होल्ट पुरेसे झाले की बॅटरी जोडणारा आणि पडले की तोडणारा आपोआप स्विच) आणि मीटर नंतर शोधत फिरलात तर सेटच्या दुप्पट पैसे जातात.

घरी आणल्यावर लगेच पॉलिश पेपर हातात घेऊ नका. जुन्या हिरव्या रंगात शिसं असू शकतं, सायलेन्सरच्या गुंडाळीत आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस. दोन्ही कोरडं घासलं की छातीत जातं. पाणी मारून ओलंच काढा, तोंडावर चांगला मास्क लावा. मीटरच्या काट्यावरचा पिवळट रंग खरवडू नका. तो अंधारात चमकेनासा झाला तरी त्यात किरणोत्सर्गी रेडियम असेल तर ते तसंच आहे, त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं.

आता डायनामो. या कापसाच्या इन्सुलेशनने ऐंशी पावसाळ्यांचा ओलावा प्यायलेला असतो. मेच्या उन्हात गच्चीवर काळ्या पत्र्याखाली आर्मेचर (आतला फिरणारा भाग) आणि फील्ड कॉइल (भोवतीचं चुंबक बनवणारं वेटोळं) चार-पाच दिवस ठेवते. माळव्याचं ऊन फुकट आहे. पावसाळा असेल तर पेटीत ६० वॉटचा साधा बल्ब लावून. मग बाकीच्या तारा सोडवून २५० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये मोजा. १ मेगओमपेक्षा कमी आलं तर अजून वाळवा. वाळवूनही येत नसेल, तरच वाइंडरकडे जा, आणि त्याला आधीच बजावा की जुनी तार फेकायची नाही. गेज आणि वेढे मोजल्याशिवाय कापलेली वाइंडिंग म्हणजे फाडलेलं पत्र.

कम्युटेटर, म्हणजे आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, बारीक पॉलिश पेपरने पुसा, एमरीने कधीच नाही. एमरीचे कण खाचेत बसून पट्ट्या शॉर्ट करतात. पट्ट्यांमधला अभ्रक वर आला असेल तर हॅक्सॉच्या ब्लेडच्या कडा घासून ते पातळ करा आणि त्याने तो सुमारे अर्धा मिलिमीटर खाली घ्या. वडील हे काम डोळे मिटून करायचे. मला चष्मा आणि भिंग दोन्ही लागतं. कार्बन ब्रश आपल्या घरात सहज सरकला पाहिजे, आणि कम्युटेटरच्या गोलाईवर पूर्ण टेकला पाहिजे.

वर्षानुवर्षं पडून राहिल्याने फील्डमधली चुंबकशक्ती विरते, म्हणून डायनामो फिरतो पण वीज देत नाही. १२ व्होल्टची बॅटरी फील्डला क्षणभर लावून ती परत आणतात. मी घाईत उलट्या टोकांना लावली. डायनामोचे प्लस-मायनस उलटे झाले, कटआउटने नेहमीप्रमाणे बॅटरी जोडली, आणि बॅटरी व डायनामो एकमेकांच्या मदतीला धावून आले. कटआउटचे पॉइंट तिथल्या तिथे वितळून चिकटले. इंजिन थांबवलं तरी सेट गुरगुरत होता, कारण बॅटरी आता डायनामोलाच मोटरसारखं ढकलत होती. जळक्या कापसाचा वास आल्यावर तार ओढून तोडली. नवीन कटआउट बनवायला दोन महिने गेले. प्लस-मायनस आधी खडूने बॉडीवर लिहा.

इंजिनाचं काम त्यामानाने सोपं आहे, गावातला कुणीही जुना स्कूटर-मिस्त्री साथ देईल. पिस्टन अडकला असेल तर प्लगच्या भोकातून डिझेल ओता आणि पंधरा दिवस विसरून जा. हातोडी कपाटात ठेवा. मॅग्नेटोचे पॉइंट साफ करा, कंडेन्सर नवीन घाला. मात्र कार्ब्युरेटर उघडलात तर पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट बघा. तो बुचाच्या लाकडाचा आणि लाखेचा थर दिलेला असेल, तर आपल्या पंपावरचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल लाख विरघळवतं. मग फ्लोट पेट्रोल पितो, बुडतो आणि इंजिन ओलं पडतं. तुम्ही मात्र प्लगला शिव्या घालत बसता. जुना थर काढा, बूच पूर्ण वाळवा आणि वर फेविक्विकचा पातळ थर द्या, खिडकी उघडी ठेवून.

पहिल्यांदा सेट अंगणातच चालवा, खोलीत नाही. धूर वास न देताही जीव घेतो. बॅटरीऐवजी गाडीच्या हेडलाइटचे ६० वॉटचे बल्ब आधी एक, मग दोन, मग चार जोडा. प्रकाश स्थिर राहिला आणि आर्मेचर हात लावण्याजोगं राहिलं तर बॅटरी जोडा. ७५ अँपिअर-अवरची असेल तर सात-आठ अँपिअर पुरे. सेट याच्या दुप्पट-तिप्पट देऊ शकतो, म्हणून करंट कमी-जास्त करणारा रिओस्टॅट जपून फिरवा. ॲसिडची घनता दाखवणाऱ्या मापकात १.२५०च्या आसपास आलं की झालं.

बंद करताना पेट्रोलचा नळ बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालू द्या. आवाज मंदावतो, काटा शून्याकडे येतो, आणि डब्यातून बारीक ‘टिक्’ ऐकू येतं. तो कटआउट सुटल्याचा आवाज. तो ऐकू आला नाही, तर इंजिन थांबण्याची वाट न बघता बॅटरीची तार काढा.