सौर वीज रात्रीसाठी साठवताना बॅटरी पूर्ण भरू द्या

छतावर ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला (ग्रिडला) जोडलेले पॅनेल आहेत म्हणून लाइट गेल्यावर पंखे चालतील, असं समजू नका. ग्रिड गेला की त्या पॅनेलचा इन्व्हर्टरही बंद होतो. लाइनवर चढलेल्या माणसाच्या जिवासाठी तशी सोयच केलेली असते. रात्रीसाठी बॅटरी लागतेच.

आधी रात्रीचा खप मोजा. 30 वॅटचे तीन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे आठ तास, चार एलईडी दिवे, रात्रभर राउटर: साधारण 1 युनिट.

12 व्होल्ट, 150 एएचच्या (ॲम्पिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरीत कागदावर 1.8 युनिट मावतात. लेड-ॲसिड, म्हणजे नेहमीच्या पाणी घालायच्या बॅटरीतून निम्मेच काढायचे, त्यातलेही थोडे इन्व्हर्टर खातो. हाती पाऊण युनिट. म्हणून दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, 24 व्होल्ट. सी-10 रेटिंगच्याच, म्हणजे दहा तासांत रिकामी होईल अशा वेगाने क्षमता मोजलेल्या, मागा.

‘जास्त बॅटऱ्या, जास्त बॅकअप’ हा सल्ला मात्र कानाआड करा. ग्वाल्हेरला लश्कर भागातल्या आमच्या घरी मी तो ऐकला: पॅनेल दोन आणि बॅटऱ्या चार. जानेवारीत इथे धुकं असं धरतं की दुपारपर्यंत सूर्य दिसत नाही. रात्री काढत होतो तेवढी वीज दिवसा भरतच नव्हती. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात, आणि एकदा घट्ट झाले की ते सहसा विरघळत नाहीत. फेब्रुवारीत हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावला. भरलेल्या ट्यूब्युलर (नळीसारख्या प्लेटांच्या लेड-ॲसिड) बॅटरीला 1240 च्या आसपास आकडा हवा. काचेची नळी पार खाली बुडून 1150 वर थांबली. दोन दिवस चार्जिंग केलं तरी तिथेच. चारही बॅटऱ्या दुसऱ्याच वर्षी भंगारात गेल्या. ते पैसे अजून मनात सलतात.

म्हणून आधी पॅनेलचा हिशेब करा. चार्जिंगचा करंट एएचच्या दहाव्या भागाइतका तरी हवा: 150 एएचला 15 ॲम्पिअर. 24 व्होल्टच्या जोडीला त्यासाठी सुमारे 400 वॅट लागतात, शिवाय दिवसा घरात लागणारी वीज वेगळी. 330 वॅटचे दोन पॅनेल घ्या आणि बॅटऱ्या दोनच ठेवा. पॅनेलमधून बॅटरी भरणारा चार्ज कंट्रोलर एमपीपीटीच हवा, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा. स्वस्तातला, साध्या पद्धतीचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर अशा पॅनेलची जवळपास पाव वीज वाया घालवतो. धुक्याच्या दिवसांत आठवड्यातून एकदा ग्रिडवरून बॅटऱ्या पूर्ण भरा. फक्त सौरवरच चालवायचा हट्ट त्या दिवसांत धरू नका.

खर्च झेपत असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. अर्धवट राहिल्याने ती बिघडत नाही आणि तिच्यातली 80 टक्के वीज खुशाल वापरता येते.

जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलट.

बॅटऱ्या जिन्यावरच्या पत्र्याखाली ठेवू नका. इथल्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि दर 10 अंश वाढीला लेड-ॲसिडचं आयुष्य निम्म्यावर येतं. तळमजल्यावर, सावलीत, हवा खेळती असेल तिथे ठेवा. पाणी डिस्टिल्डच, आणि तेही चार्जिंग पूर्ण झाल्यावर घाला.