लग्नपत्रिकेतलं सोनेरी आणि मरून, फोटोशॉपमध्ये कसं जमवलं

क्लायंटकडून आलेल्या फाइलमध्ये सोनेरी रंग सीएमवायकेत (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी या चार शाईंत) होता, आणि या शाईंच्या ठिपक्यांतून सोन्याची चमक कधीच येत नाही, कागदावर मळकट पिवळा उतरतो. त्यासाठी मेटॅलिक शाईच लागते, मी पँटोन या शेड-क्रमांकांच्या पद्धतीतली 871 नंबरची सोनेरी घेतली.

आधी सोनेरी नावांच्या लेयरच्या थंबनेलवर कंट्रोल धरून क्लिक करून सिलेक्शन घेतलं, मग चॅनल्स पॅनलच्या मेनूतून न्यू स्पॉट चॅनल, म्हणजे त्या एका खास शाईचा वेगळा थर. पँटोनची बरीचशी पुस्तकं (फोटोशॉपमधल्या शेडच्या तयार याद्या) 2022 च्या शेवटी अ‍ॅडोबीने काढून टाकलीत, पण त्याने काही अडत नाही कारण प्रेसवाला शाई नावावरूनच भरतो, म्हणून चॅनलला नाव हाताने दिलं आणि पानं मांडायच्या इनडिझाइनमध्येही अगदी तेच ठेवलं, एका अक्षराचा फरक पडला तरी प्लेट (प्रत्येक शाईचा छपाईचा पत्रा) वेगळी निघते. चॅनलच्या सेटिंगमधला सॉलिडिटीचा आकडा फक्त स्क्रीनसाठी असतो, छपाईला त्याचा काही संबंध नाही.

खरी मेहनत नॉकआउटची, म्हणजे सोन्याखालचा मरून कापून काढायची. फोटोशॉपमध्ये स्पॉट चॅनल ओव्हरप्रिंटच होतो, म्हणजे सोनं थेट मरूनवर चढणार. म्हणून तेच सिलेक्शन पुन्हा घेतलं, सिलेक्ट, मॉडिफाय, कॉन्ट्रॅक्ट करून 2 पिक्सेल आत घेतलं आणि मरूनच्या स्पॉट चॅनलमधून (मरूनलाही असाच वेगळा चॅनल होता) तेवढा भाग डिलीट केला, काठावर दोन्ही शाया किंचित एकमेकींवर राहतात त्यामुळे कागद जरासा सरकला तरी पांढरी रेघ दिसत नाही.

शेवटी मूळ सोनेरी लेयर बंद करून पीएसडी सेव्ह केली, इनडिझाइनमध्ये सेपरेशन्स प्रिव्ह्यूत, म्हणजे शाया वेगवेगळ्या दाखवणाऱ्या पॅनलमध्ये, एकेक प्लेट बघितली. दोनच प्लेट, नावांच्या काना-मात्रा एकदम स्वच्छ!